दाव्यांच्या नोंदीतून पोलीस कामकाजाची सुधारणा

पोलिसांच्या गैरकृत्यामुळे अथवा हलगर्जीपणामुळे नुकसान झाल्यास नागरिकास शासनाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते. निकाल शासनाविरुद्ध गेल्यास भरपाई सामान्यतः सरकारी तिजोरीतून दिली जाते आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. वस्तुतः त्या कागदपत्रांचा खरा उपयोग तेथूनच सुरू व्हावयास हवा.

याचे एक बोलके उदाहरण मुद्देमालाचे आहे. मीरत येथे पोलिसांनी जप्त केलेले सोने मालखान्यातून हेड कॉन्स्टेबलनेच पळविले. 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी शासनाची जबाबदारी अमान्य केली. पुढे तत्कालीन म्हैसूर राज्यात पोलिसांच्या ताब्यातील दागिने नाहीसे झाले; तेव्हा 1977 साली न्यायालयाने मालकास किंमत देण्याचा आदेश दिला. 2002 साली गुजरातमधील मुद्देमाल-अपहाराच्या प्रकरणात, जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस, फार तर एक महिना, याहून अधिक काळ ठेवू नयेत, असे न्यायालयाने बजावले. राज्ये तीन, वर्षे वेगवेगळी. परंतु धोक्याचे स्थळ एकच, मुद्देमालाची खोली. पहिल्याच प्रकरणातून सर्वत्र बोध घेतला गेला असता, तर पुढील हानी कदाचित टळली असती.

कोठडीतील मृत्यूंबाबतही असेच घडले. ओरिसातील प्रकरणात 1993 साली मृताच्या आईस दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला. 1996 च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे टिपण, नातेवाइकांस खबर व दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी ही बंधने घातली.

न्यूयॉर्क शहराच्या लेखा नियंत्रकांनी 2014 साली शहराविरुद्धच्या दाव्यांची विभागवार छाननी सुरू केली. कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत दावे वाढतात, हे तीवरून कळू लागले.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात हे काम एका नोंदवहीतही होऊ शकेल. ठाणे, दिनांक, वेळ, घटनेचा प्रकार, निकाल, भरपाई व केलेली सुधारणा एवढे रकाने पुरेत. शासनाविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तीच पहिली नोंद समजावी. समजा, एकाच ठाण्याच्या वाहनाचे अपघात वारंवार रात्री घडत असतील, तर चालकाच्या कामाचे तास व वाहनाची दुरुस्ती तपासता येईल.

मात्र दोन गोष्टींचे भान हवे. दावा दाखल होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. तसेच दावे नाहीत म्हणून सर्व आलबेल आहे, असेही नाही. बैहर वा लांजीकडील दूरच्या खेड्यातील गरिबास न्यायालयाची पायरी चढणे परवडतेच असे नाही. म्हणून तोंडी व लेखी तक्रारीही त्याच वहीत याव्यात.

ग्रामस्थांनी जप्तीच्या पंचनाम्याची प्रत व तक्रारीची पोच जपून ठेवावी. लिहिता न येणाऱ्यांस शिक्षकांनी साहाय्य करावे. दिलेली भरपाई परत येत नाही. तिच्यातून मिळालेला धडा मात्र पुढील माणसास वाचवू शकतो.