आधी फोटो, मग पैसे

अमेरिकेत लेपर्ड गेको ही पाल कुरियरने घरपोच मिळते. विक्रेता ‘एकदम हेल्दी’ म्हणतो आणि फोटो टाकतो भलत्याच पालीचा. आपल्याला मिळणार तीच पाल, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून दाखवायला सांगावी. आधी शेपूट बघावी. चरबी तिथेच साठते, म्हणून ती चांगली गुबगुबीत हवी. काडीसारखी असेल तर उपासमार, जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची लागण असू शकते. या शेवटच्या दुखण्यावर खात्रीचा इलाज नाही. मग बोटं. कात अडकून आवळली की रक्तपुरवठा थांबतो, बोट गळून पडतं. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचा नाद सरळ सोडावा. भारतात मात्र फोटोच्याही आधी कायदा बघावा: फोटो कितीही देखणा असो, उदाहरणार्थ स्टार कासव विकत घेणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हाच आहे.