भीती भलत्याच गोष्टींची

शनिवारी रात्री पवना धरणाच्या काठी तंबूत मुक्काम, रविवारी सकाळी कार्ले किंवा भाजे, अंगात त्राण उरलंच तर लोहगड. पुण्या-मुंबईच्या कुटुंबांचा हा आता ठरलेला बेत आहे. निघण्याआधी घरात चर्चा होते ती बिबट्याची आणि सापाची. पाणी, शेगडी आणि मधमाश्या यांचं नावही कुणी काढत नाही, आणि माणसं दगावतात ती बहुधा यांच्यापायी.

‘लाटा नाहीत, म्हणजे पाण्यात उतरायला हरकत नाही’ हा त्यातला सर्वांत महागात पडणारा समज. पवना हे तळं नव्हे, पिंपरी-चिंचवडला पाणी देणारं धरण आहे. त्या पाण्याखाली जुना डोंगरउतार आहे, ओढ्यांच्या घळी आहेत, वर गाळ साचलेला आहे. गुडघाभर पाण्यातून चार पावलं पुढे गेलं की पायाखालची जमीन अचानक संपू शकते, आणि गाळात पाय रुतला तर चांगला पोहणाराही घाबरतो. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हे सिनेमात. प्रत्यक्षात श्वास घ्यायलाच उसंत मिळत नाही, तर तो हाक कशी मारणार? म्हणून पोर काठाशी गप्प झालं, की लगेच बघावं. होडीत बसताना लाइफ जॅकेट नुसतं अंगात घालू नका, त्याचे पट्टे आवळा. हवेची रबरी ट्यूब हे खेळणं आहे.

दुसरा समज शेगडीचा. डिसेंबरात काठावर चांगलीच थंडी पडते. मग बार्बेक्यूचे उरलेले निखारे तंबूत घेतले जातात. धूर तर येत नाही, मग काय होतंय? धूर थांबला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला बहुधा जागही येत नाही. तंबूची चेन थोडी उघडी ठेवल्याने भागत नाही. निखारे बाहेरच, पाणी ओतून विझवलेले. पांघरूण एक जास्त न्या.

सापाबद्दल थोडक्यात. तंबूभोवती मीठ, लसूण किंवा फिनाईल टाकून साप अडत नाही. उपयोग होतो तो पूर्ण लावलेल्या चेनचा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश कित्येकदा कळतही नाही, पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात. अशा वेळी ‘काल जास्त खाल्लं’ म्हणून ओव्याचं पाणी देत बसू नका. जखम चिरणं, चोखणं, वर दोरी आवळणं, यातलं काहीही करू नका. १०८ ला फोन करा आणि सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात पोहोचा.

आता लेणी. ‘नैसर्गिक गुहा होत्या, पांडवांनी एका रात्रीत कोरल्या’ असं पायऱ्या चढताना कुणीतरी हमखास सांगतं. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा. चुनखडीच्या डोंगरात पाणी मुरून जशा लांबच लांब गुहा तयार होतात, तशा इथे होत नाहीत. भाजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनचं, कार्ल्याचा चैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. बौद्ध भिक्षूंसाठी माणसांनी छिन्नी-हातोडीने फोडलेला हा दगड. त्याचा खर्च कुणी केला हे तिथल्याच भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. त्यात यवन आहेत, बाहेरच्या सिंहस्तंभाचं दान देणारा महारठी आहे, एक सुतार आहे आणि दाराचा खर्च उचलणारा सिंहदत्त नावाचा अत्तरविक्याही आहे. इतकी नावं समोर असताना श्रेय पांडवांना देणं हा त्या सुतारावर अन्यायच.

‘पंधरा मिनिटांत बघून होतं’ हाही गैरसमजच. कार्ल्याचा चैत्य सुमारे ४५ मीटर लांब आहे, भारतातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य. आत गेल्यावर छताकडे पाहा. तिथल्या कमानी लाकडी आहेत, आणि त्या मूळच्याच मानल्या जातात. दगडाच्या छताला लाकडाचा आधार लागतच नाही, पण बांधकामाची जुनी लाकडी पद्धत कारागिरांच्या हाताला इतकी बसलेली होती, की दगडातही त्यांनी ती सोडली नाही. मुलांना हे कोडं घालून बघा.

सिंहदत्ताची आठवण ठेवा, पण त्या दिवशी अत्तर लावू नका. लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. उग्र सुगंध आणि धूर दोन्हींनी ते चवताळतं. ‘माश्या आल्या की जमिनीवर पडून राहा’ हा सल्ला चुकीचा. तोंड झाकून, हात न झाडता लांब पळा आणि बंद खोली किंवा गाडी गाठा. काटा कातडीत राहिला असेल तर चिमटा शोधत बसू नका, नखाने लगेच काढा. उशीर जितका, तितकं विष जास्त भिनतं.

राहता राहिला लेण्यातच मुक्काम करण्याचा हट्ट. कार्ले, भाजे आणि बेडसे ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. तिथे रात्री राहता येत नाही, चूल पेटवता येत नाही. भिंतीवर नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे.