सॅल्मनच्या पकडीची सत्तर वर्षांची नोंद

स्कॉटलंडमध्ये सॅल्मन आणि सागरी ट्राउट पकडण्याचा हक्क हा जमिनीप्रमाणेच मालमत्तेचा हक्क मानला जातो. नदीचा एखादा पट्टा कोणाच्या तरी मालकीचा असतो. तो विकता येतो, भाड्याने देता येतो. या हक्काबरोबर एक कर्तव्यही येते. हंगाम संपला की पट्ट्याच्या मालकाने किंवा तेथे मासेमारी चालवणाऱ्याने शासनाकडे विवरणपत्र पाठवायचे असते: कोणत्या महिन्यात, कोणत्या साधनाने, कोणत्या जातीचे किती मासे मिळाले आणि त्यांचे एकत्रित वजन किती भरले. १९५१ च्या कायद्याने हा पाया घातला आणि १९५२ पासूनची आकडेवारी आज सलग उपलब्ध आहे. नॉर्वेची अधिकृत नोंद याहूनही जुनी, १८७६ पासूनची आहे. तरीही अशा नोंदींचे सामर्थ्य आणि त्यांच्या मर्यादा समजून घेण्यासाठी स्कॉटलंडचे उदाहरण अधिक बोलके ठरते.

आपल्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस आणि हा अटलांटिक सॅल्मन यांचा काहीही संबंध नाही. सॅल्मन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी बहुधा आपल्या जन्मनदीतच परततो. आपल्याकडील हिलसाही असाच समुद्रातून नदीत चढतो. सागरी ट्राउट म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा तपकिरी ट्राउटच. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून अंडी आणून काश्मीरच्या थंड ओढ्यांत जो ट्राउट रुजवला गेला, त्याचीही जात हीच. समुद्रात एकच हिवाळा काढून परतणाऱ्या सॅल्मनला तेथे ‘ग्रिल्स’ म्हणतात आणि विवरणपत्रात त्याची नोंद वेगळी होते.

एकूण आकड्याने लपवलेली घट

या आकडेवारीतील सर्वांत मोलाचा रकाना महिन्याचा आहे. केवळ वर्षाची बेरीज पाहिली, तर गळाने पकडलेल्या सॅल्मनची संख्या अनेक दशके समाधानकारक भासत होती. ती चढत गेली आणि २०१० मध्ये सुमारे १ लाख १० हजारांवर पोहोचली. परंतु हीच आकडेवारी महिन्यांनुसार मांडली की वेगळेच चित्र उभे राहते. फेब्रुवारी ते मे या काळात नदीत येणारे वसंतातील सॅल्मन १९५० च्या दशकानंतर घटत गेले होते. उन्हाळ्यात आणि शरदात येणाऱ्या माशांनी बेरीज भरून काढली आणि वसंतातील घट त्या बेरजेखाली दडून राहिली. हे मासे नदीत लवकर शिरतात, अनेक महिने उपाशीपोटी तेथेच राहतात आणि त्यांपैकी पुष्कळसे नदीच्या वरच्या भागांत वीण घालतात. त्यामुळे त्यांची घट म्हणजे त्या वरच्या ओढ्यांचीच हानी होय. २०१५ च्या हंगामापासून १ एप्रिलपूर्वी सॅल्मन मारण्यास बंदी आली. महिन्याचा रकाना नसता, तर या नियमाला आधार कशाचा दाखवला असता, हा प्रश्नच आहे.

दुसरा सापळा साधनांचा. नदीमुखाशी आणि किनाऱ्यावर जाळी लावणारे आणि नदीत गळ टाकणारे एकाच माशामागे असतात. जाळ्यांचे व्यवसाय एकामागून एक बंद होत गेले. काही ठिकाणी ते बंद करण्यासाठीच हक्क विकत घेतले गेले. साहजिकच जाळ्यांतून वाचलेले मासे नदीत पोहोचले. किनाऱ्याकडे परतणाऱ्या माशांची संख्या घटत असतानाही गळाची पकड टिकून राहिली, याचे एक मोठे कारण हे. जाळ्यांच्या बाबतीत विवरणपत्रात श्रमाचीही नोंद होत असे: किती माणसांच्या तुकड्यांनी किती महिने काम केले, किती स्थिर सापळे किती महिने लावले होते. त्यामुळे पकड कमी झाली ती मासे घटल्याने की जाळी घटल्याने, हे तपासता येते. गळाच्या मासेमारीचे तास आणि दिवस मात्र दीर्घकाळ नोंदले गेले नाहीत आणि ती उणीव आता भरून निघणे अशक्य आहे. गेलेल्या वर्षाची नोंद नंतर करता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना हा मुद्दा आपल्या कामाशी ताडून पाहता येईल. जलाशयावरील मच्छीमार सहकारी संस्थेच्या वहीत दररोजचे किलो लिहिलेले असतात, कारण हिशेब किलोवर होतो. त्या दिवशी किती होड्या गेल्या, किती जाळी किती तास पाण्यात होती, जाळ्याचा आस किती होता, हे लिहिलेले नसले, तर दहा वर्षांनी त्या किलोंवरून माशांच्या साठ्याविषयी काहीच ठामपणे सांगता येत नाही. समुद्री मासेमारीत केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था निवडक बंदरांवर नमुना पद्धतीने पकडीबरोबर मासेमारीचे श्रमही मोजते, ते याच कारणासाठी.

लिहिणाऱ्याचा हात

नोंद शेवटी माणूसच करतो आणि त्याचे हितसंबंध त्यात उतरतात. पट्ट्याची विक्रीची किंमत ठरवताना मागील काही वर्षांच्या पकडीची सरासरी पाहिली जाते. म्हणजे विकणाऱ्याला मोठा आकडा सोयीचा. उलट स्थानिक मंडळाची पट्टी मूल्यांकनावर आकारली जाते आणि मूल्यांकनात पकडीचा विचार होतो. तेथे लहान आकडा सोयीचा. २०१६ पासून यात आणखी एक धागा मिसळला. पकडीच्या आकड्यांवरून नदीतील माशांचा अंदाज बांधून दरवर्षी नद्यांची तीन श्रेणींत वर्गवारी होते आणि तिसऱ्या श्रेणीच्या नदीत प्रत्येक सॅल्मन सोडून देणे बंधनकारक असते. विवरणपत्र भरणाऱ्याच्या आकड्यावर त्याच्याच पुढील हंगामाचा नियम ठरू लागला.

चूक नेहमी हेतुपुरस्सर असते असेही नाही. मोठा ग्रिल्स आणि लहान सॅल्मन वजनावरून ओळखण्यात सर्रास गल्लत होते. खवल्यावरील वलये वाचली, तर वय निश्चित कळते. म्हणूनच काही नद्यांवर खवल्यांचे नमुने जपून ठेवले जातात आणि त्यांच्या आधारे जुनी आकडेवारी दुरुस्त करता येते. याखेरीज पकडीला ताडून पाहण्यासाठी प्रत्यक्ष मोजणीची ठाणी असतात. डी नदीला मिळणाऱ्या गिर्नॉक ओढ्यावर १९६६ पासून, तर आयर्लंडमधील बरिशूल येथे १९७० पासून सापळे लावून ये-जा करणारे मासे मोजले जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील सागरी ट्राउट अचानक कोसळला. स्कॉटलंडमधील मारी सरोवराची पकडही त्याच सुमारास ढासळली. सॅल्मनच्या पिंजरा-संवर्धनातून पसरणाऱ्या समुद्री उवांवर संशय आला आणि त्यावरून दीर्घ वाद झाला. परंतु मासा घटला की नाही, हा वाद मात्र उरला नाही. जुन्या वह्या समोर होत्या.

स्कॉटलंडच्या टे नदीवर ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन यांनी पकडलेला ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा, सॅल्मन आजही ब्रिटनमध्ये गळाने पकडलेला सर्वांत मोठा मानला जातो. असे मासे लोकांच्या स्मरणात आपोआप राहतात. रिकाम्या हाताने परतलेले दिवस कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, ते कागदावरच उतरवावे लागतात.

१९९४ पासून पकडून सोडलेल्या माशांचीही वेगळी नोंद होऊ लागली. तेव्हा सोडण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते. आता गळाने पकडलेले जवळजवळ सर्वच सॅल्मन सोडले जातात. एकच मासा पुन्हा गळाला लागून दोनदा मोजला जाण्याची शक्यता त्यामुळे वाढली. २०१६ पासून किनाऱ्यावरील जाळ्यांत सॅल्मन ठेवून घेण्यास मनाई झाली. संरक्षणासाठी ते आवश्यक होते, पण श्रमासह ठेवलेली सर्वांत विश्वसनीय मालिका त्याबरोबर खंडित झाली. २०२३ मध्ये गळाची पकड सुमारे साडेबत्तीस हजारांवर आली, १९५२ पासूनची नीचांकी. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रेट ब्रिटनमधील सॅल्मनची गणना संकटग्रस्त गटात झाली.

विवरणपत्रे आजही हंगामाच्या शेवटी पट्ट्यापट्ट्यांवर जातात. ज्या पट्ट्यावर वर्षभरात एकही मासा गळाला लागला नाही, तेथूनही ते शून्य लिहून परत यावे लागते.