लख्ख आभाळातली परवानगी

फ्रेडरिक (मेरीलँड)

शनिवारची सकाळ. रात्रीच्या पावसाने आभाळ धुऊन काढलेलं, पश्चिमेला कॅटॉक्टिन डोंगराची धार स्पष्ट दिसत होती. माझा नाशिककर मित्र मात्र सेस्ना १७२ चं इंजिन चालू ठेवून, कंट्रोलरने सांगितलेला मार्ग, उंची, कोड मांडीवरच्या पॅडवर भराभर उतरवत होता आणि पाढे म्हणावेत तसा परत म्हणून दाखवत होता. जायचं होतं ओशन सिटीला, समुद्रकाठी जेवायला. "ढगाचा ठिपका नाही, मग हे सोपस्कार कशाला?" मी विचारलं. "सवय राहते रे," तो म्हणाला.

स्वच्छ हवेत व्हीएफआरने उडावं की आयएफआरने, हा इथल्या हौशी वैमानिकांतला वाद जुना आहे. व्हीएफआर म्हणजे डोळ्यांच्या भरवशावर उडणं. आयएफआर म्हणजे उपकरणांच्या नियमांनी, कंट्रोलरने मंजूर केलेल्या वाटेने. भारतात छोट्या विमानालाही बहुधा हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक घेऊनच निघावं लागतं. इथे मात्र स्वच्छ दिवशी, मोठी विमानतळं टाळली, तर रेडिओवर चकार शब्द न काढता शेकडो मैल जाता येतं. १८,००० फुटांवर तेवढं आयएफआर सक्तीचं.

फ्रेडरिकची जागा जरा अवघड आहे. उत्तरेला राष्ट्राध्यक्षांचं कॅम्प डेव्हिड. ते मुक्कामाला आले की बंदीचा घेर वाढतो. आग्नेयेला वॉशिंग्टन, त्याभोवती ३० सागरी मैल त्रिज्येचं खास वर्तुळ. व्हीएफआरवाल्याला तिथे वेगळा प्लॅन आणि वेगळा कोड लागतो. तसाच आत घुसला तर शेजारी लढाऊ विमान येऊ शकतं. आयएफआरवाल्याच्या डोक्याला हा ताप नाही. आणि छोट्या खासगी विमानाला कंट्रोलर बिल लावत नाही. विमान-इंधनावरचा कर भरला की झालं. फुकटची सोबत कोण नाकारेल?

मला खटकते ती या सोबतीने येणारी निर्धास्ती. कंट्रोलर आयएफआर विमानांना एकमेकांपासून लांब ठेवतो. मुकाट उडणाऱ्या व्हीएफआरवाल्याची खबर तो देतो, पण हाताला सवड असेल तर. म्हणून कायदा स्पष्ट आहे: हवा स्वच्छ असेल तर नियम कोणतेही पाळा, बाहेर बघणं वैमानिकाचंच काम.

सॅन डिएगोत २५ सप्टेंबर १९७८ ला हवा अशीच स्वच्छ होती. एका सेस्नात उपकरणांवर उतरण्याचा सराव चालला होता, शेजारी प्रशिक्षक. मागून पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ उतरायला आलं. दोघेही कंट्रोलरशी बोलत होते. सेस्नावर नजर ठेवायचं बोइंगने कबूल केलं होतं, पण ती नजरेआड झाली, हे कंट्रोलरला नीट कळलंच नाही. टक्कर झाली. बोइंगमधले १३५, सेस्नातले दोघे आणि खाली घरांतली सात माणसं गेली.

मित्राची 'सवय'ही अर्धीच खरी. आयएफआरचा हक्क टिकवायला सहा महिन्यांत सहा वेळा उपकरणांवर उतरणीची वाट धरावी लागते. आणि निरभ्र हवेत ती मोजली जाते ती बाहेरचं दिसू न देणारा हुड डोळ्यांवर चढवला, शेजारी राखणीला दुसरा वैमानिक बसवला तरच. माझ्याकडे परवाना नाही. म्हणजे त्या सकाळच्या सरावाची वहीत नोंद शून्य. तरी त्याने आयएफआर सोडावं असं मी म्हणणार नाही. रेडिओवरची ती घाईची बोली अंगवळणी पडायला निळा दिवसच बरा, ढगात शिकायची ती गोष्ट नव्हे. फक्त विमानातल्या पडद्यावरून मान वर काढायला हवी.

चेसापीक उपसागरावर कंट्रोलर म्हणाला, समोर उजवीकडे विमान आहे, उंची ठाऊक नाही. मित्र पडद्यात शोधत राहिला. ते मला दिसलं, पांढरं, पाण्यावरच्या बगळ्याएवढं, आमच्या बरंच खाली.

ओशन सिटीची धावपट्टी दिसताच त्याने आयएफआर रद्द केलं. तिथे टॉवर नाही. ऐकत असेल त्याच्यासाठी त्याने रेडिओवर आपली जागा सांगितली, आणि मला म्हणाला, "तू तुझ्या बाजूला बघत राहा."