बधिरांचें रिंगण

अमेरिकेंत वॉशिंग्टन शहरीं गॅलॉडेट नांवाचें बधिरांचें लहानसें विद्यापीठ आहे. १८६४ सालीं अध्यक्ष लिंकन यांच्या सहीनें या संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. येथील शिक्षण हस्तसंकेतांच्या भाषेंत चालतें. अमेरिकन फुटबॉल येथें १८८३ पासूनचा.

या खेळांत प्रत्येक डावापूर्वीं पुढील चाल सोबत्यांस कळवावी लागते. ऐकणारे गडी ती सांकेतिक शब्दांत पुकारीत. बधिरांचे हात मात्र सर्वांनाच दिसत. त्यांतून प्रतिपक्षहि बधिर असला, तर गुपित राहावें कसें? तेव्हां १८९० नंतरच्या दशकांत पॉल हबर्ड या चाल ठरविणाऱ्या गड्यानें सोबत्यांचें रिंगण करून त्याच्या आड संकेत केले, असें परंपरा सांगते. आज ऐकणारे संघहि असेंच रिंगण करतात. पुढें चेंडू सुटण्याची वेळ कळविण्यासाठीं मोठा ढोल वाजवूं लागले; त्याचा नाद कानांस नव्हे, अंगास जाणवे. २०१३ सालीं हा संघ आपल्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेंत प्रथमच उतरला.

ज्यास आपण न्यून म्हणतों, त्याच्याच पोटीं सर्वांच्या उपयोगाची युक्ति जन्मली. वाचकहो, घरांत एखादें कमी ऐकणारें मूल असेल, तर त्यास कोपऱ्यांत न बसवितां खेळावयास धाडा, एवढीच आमची विनंति.