डाव्या सीटवरचा हिशेबनीस

रॅलीच्या निकालपत्रावर प्रत्येक गाडीसमोर दोन नावं छापलेली असतात. एक चालकाचं, दुसरं त्याच्या शेजारी बसणाऱ्याचं. जागतिक रॅली मालिकेत तर सहचालकांचं अजिंक्यपद वेगळं दिलं जातं. फ्रान्सच्या सेबास्तियन लोएबनं 2004 ते 2012 अशी सलग नऊ वर्षं चालकांचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा त्याच्या गाडीतल्या मोनाकोच्या डॅनियल एलेनानं सहचालकांचं अजिंक्यपदही नऊ वेळा जिंकलं. तरी लोएबचं नाव ऐकलेल्या माणसालाही एलेना कोण, हे बहुधा सांगावं लागतं.

या दुसऱ्या माणसाचं काम नेमकं काय? चित्रफितीत तो वहीत डोकं खुपसून काहीतरी भराभरा वाचताना दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की याला फक्त छाती हवी. पहिल्यांदाच त्या सीटवर बसणारा नवखाही बहुतेकदा याच समजुतीनं येतो. छाती लागते, पण ती गाडीत बसताना एकदाच. नंतर लागते ती हिशेबनिसाची शिस्त. रॅली वळणावर जितकी हरली जाते, तितकीच कागदावर आणि घड्याळावरही हरली जाते.

रस्ता कागदावर कसा उतरला

सुरुवातीच्या काळात शेजारी बसणारा बहुधा मेकॅनिक असे; गाडी बंद पडली की उतरून दुरुस्त करणारा. वहीवाल्या सहचालकाची सगळ्यांत गाजलेली गोष्ट डांबरी रस्त्यावरची आहे. 1 मे 1955 रोजी इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजमध्ये डेनिस जेंकिन्सन बसला होता. हा इंग्लिश पत्रकार. पण 1949 साली एरिक ऑलिव्हरच्या साइडकारमध्ये बसून जगज्जेता झालेला, म्हणजे दुसऱ्याच्या हातात जीव देण्याची सवय असलेला. दोघांनी आधी मार्गावरून पुन्हा पुन्हा गाडी नेली आणि जेंकिन्सननं धोक्याची वळणं, उंचवटे, रेल्वे फाटकं टिपून ठेवली. मग ही टिपणं साडेपाच मीटरच्या आसपास लांबीच्या एका पट्टीवर उतरवून ती पट्टी दोन रुळांच्या डबीत बसवली. उघड्या गाडीत इंजिनाच्या आवाजापुढे बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. सुमारे 1600 किलोमीटरचं अंतर त्यांनी 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत तोडलं. समोरचा उंचवटा ओलांडल्यावर रस्ता सरळ जातो की वळतो हे दिसत नसताना मॉसनं पाय उचलला नाही, कारण शेजारच्यानं 'सरळ' अशी खूण केली होती.

पुढे रॅलीत ही कल्पना रुजली आणि त्या टिपणांना 'पेस नोट्स' हे नाव पडलं. डबीच्या जागी तारेची वही आली, खुणांच्या जागी शिरस्त्राणातला इंटरकॉम आला.

लिहिणं

रॅलीत दोन प्रकारचे रस्ते असतात. 'स्पेशल स्टेज' म्हणजे वाहतूक बंद करून ठेवलेला, घड्याळ लावून पळायचा तुकडा. आणि एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंत नेणारा उघडा रस्ता, जिथे एसटी, ट्रॅक्टर आणि शेळ्यांच्या मागे तुम्हीही निमूट चालायचं. स्पर्धेआधी 'रेकी' असते. साध्या गाडीतून, वेगमर्यादा पाळून, प्रत्येक स्टेज साधारण दोनदा पाहायची मुभा मिळते. पहिल्या फेरीत चालक सांगतो आणि सहचालक लिहितो. दुसऱ्या फेरीत सहचालक वाचतो आणि चालक दुरुस्त करतो. टिपणं चालकाच्या डोळ्यांची आणि सहचालकाच्या अक्षरातली. त्यामुळे दुसऱ्या जोडीची वही उसनी आणून फारसं साधत नाही; एकाचं 'चार' दुसऱ्याचं 'पाच' असू शकतं.

नमुन्याची एकच ओळ घेऊ: 'एटी, राईट फोर टायटन्स, डोन्ट कट, फोर्टी, ओव्हर क्रेस्ट, लेफ्ट थ्री.' म्हणजे 80 मीटर सरळ. मग चार नंबरचं उजवं वळण, जे पुढे आवळत जातं. आतला कोपरा कापायचा नाही, तिथे गवतात दगड आहे. मग 40 मीटर. मग उंचवटा आणि त्यापलीकडे तीन नंबरचं डावं. अनेक जण एक ते सहा आकडे वापरतात आणि एक म्हणजे सर्वांत अवघड वळण मानतात. काही जण बरोबर उलटं मोजतात. कोणती पद्धत चांगली यावर वाद घालण्यापेक्षा ती दोघांच्या डोक्यात एकच असणं महत्त्वाचं.

आता हिशेब करा. ताशी 90 किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. सुरुवातीचे 80 मीटर सव्वातीन सेकंदांत संपतात, आणि वरची पूर्ण ओळ स्पष्ट उच्चारायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून वाचणारा नेहमी गाडीच्या पुढे असतो. चालक एका वळणात असतो, तेव्हा पुढचं त्याच्या कानात पोचलेलं हवं. फार लवकर सांगितलं तर तो विसरतो, उशिरा सांगितलं तर बांध ओलांडून शेतात जातो. ही लय कोणाकोणाची किती, हे सरावानंच कळतं.

वही लिहिण्यातही खाचाखोचा आहेत. पेनापेक्षा पेन्सिल बरी. ओल्या पानावर आणि कशाही तिरक्या धरलेल्या वहीवर ती चालते, दुसऱ्या फेरीत खोडताही येते. पानावर ओळी थोड्या आणि अक्षर मोठं. पान उलटण्याची जागा सरळ रस्त्यावर यावी, ऐन वळणावर नाही. चालकाला हातमोजे सक्तीचे असतात, सहचालकाला त्यातून सूट असते. मोज्यांनी पान उलटून पाहिलं की कारण समजतं.

वाचणं

गाडीचं वजन जमिनीलगत राहावं म्हणून रॅलीच्या गाडीत सहचालकाची सीट खाली आणि मागे सरकवलेली असते. त्याला काचेतून आभाळ आणि झाडांचे शेंडे जास्त दिसतात, रस्ता कमी. नवख्याची पहिली धडपड म्हणजे मान उंचावून बाहेर पाहणं. एकदा बाहेर पाहिलं की ओळ सुटते. ओळ सांभाळायची ती अंगानं. उंचवट्यावर पोट हलकं होतं, चाकोरीत गाडी खडखडते, हेअरपिनला, म्हणजे उलट फिरणाऱ्या वळणाला, हँडब्रेकच्या झटक्यानं पाठ फिरते. शरीराला बसलेला प्रत्येक धक्का वहीतल्या एका शब्दाशी जुळवत जायचं आणि नजर मधेच क्षणभर वर टाकून खात्री करायची.

तरीही ओळ हरवते, मुरलेल्यांचीही हरवते. अशा वेळी अंदाजानं वाचत राहणं हा सर्वांत मोठा गुन्हा. 'हरवलो' असं तत्काळ सांगायचं, चालक नजरेच्या भरवशावर वेग कमी करतो, आणि पुढचा हेअरपिन किंवा तिठा आला की तिथून पुन्हा धागा धरायचा. चार-पाच सेकंद जातात. चुकीच्या वळणाचं नाव ठासून सांगितलं तर गाडी जाते.

मग पोट. डोळे स्थिर पानावर आणि आतल्या कानाला मात्र उलथापालथ, या विसंगतीनं मळमळ सुरू होते. चालकाला ती सहसा होत नाही. पुढची हालचाल त्याला आधीच ठाऊक असते, कारण ती तोच करणार असतो. सहचालक हलका नाश्ता, आलं, डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी असे उपाय करतात. खरा त्रास स्टेजपेक्षा रेकीत होतो, कारण तिथे तासन्‌तास मान खाली घालून लिहायचं असतं. त्यात उन्हाळ्यातला फुफाटा. पुढच्या गाडीनं उडवलेली धूळ वारा नसेल तर हवेत लोंबकळत राहते, म्हणून मातीच्या रस्त्यावर गाड्या एक-दोन मिनिटांचं किंवा त्याहून जास्त अंतर ठेवून सोडतात.

घड्याळ

लोकांना न दिसणारं निम्मं काम टाइम कार्डाचं, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक नियंत्रणावर ठरलेल्या मिनिटाला ज्यावर वेळ नोंदवून घ्यायची त्या कार्डाचं. समजा, तुमची वेळ 10 वाजून 42 मिनिटं आहे. नियंत्रणाची सुरुवात सांगणारी पिवळी पाटी दिसली की थांबायचं. ती ओलांडून गाडी आत न्यायची ती 41 किंवा 42 व्या मिनिटात. सहचालकानं उतरून चालत टेबलापाशी जायचं आणि घड्याळात 10:42 लागल्यावरच कार्ड पुढे करायचं. आंतरराष्ट्रीय नियमांत उशिराच्या प्रत्येक मिनिटाला 10 सेकंदांचा दंड आहे, आणि लवकर पोचल्यास प्रत्येक मिनिटाला तब्बल एका मिनिटाचा! घाई इथे उशिरापेक्षा सहापट महाग पडते. चालकानं खडीवर जीव टाकून वाचवलेले पाच सेकंद शेजाऱ्याच्या एका उतावळ्या हातामुळे बारा वेळा भरून द्यावे लागतात.

स्टेजच्या शेवटीही तसंच. वेगात समाप्तीची रेषा ओलांडल्यावर काही अंतरावर लाल 'स्टॉप' पाटी असते. मध्ये थांबायचं नाही. तिथे कार्डावर लिहिलेली वेळ सहचालकानं आपल्या घड्याळाशी ताडून पाहायची आणि मगच गाडी हलवायची.

वेळेच्या दंडाचा एक वेगळा उपयोगही इतिहासात आहे. 2005 च्या वेल्स रॅलीत मार्को मार्टिनची गाडी झाडावर आदळली आणि सहचालक मायकल पार्क जागीच गेला. उरलेल्या स्टेज रद्द झाल्या. पुढे असलेला लोएब त्याच दिवशी जगज्जेता ठरला असता. अशा दिवशी तो मान नको म्हणून त्यानं मुद्दाम वेळेचा दंड ओढवून घेतला आणि मागे गेला.

या सीटवरच्या माणसाच्या हातात ना स्टिअरिंग, ना ब्रेक. अपघातानंतरचं काम मात्र बऱ्याच अंशी त्याच्याकडेच असतं. गाडीमागे किमान 50 मीटरवर लाल त्रिकोण ठेवायचा. इजा नसेल तर हिरवी 'ओके' पाटी, मदत हवी असेल तर लाल 'एसओएस'. लाल पाटी दिसली की मागून येणाऱ्यानं शर्यत सोडून थांबायचंच. या पाट्या कुठे खोचल्यात, हे नवख्यानं डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

आपल्या मातीत

मातीच्या रॅलीशी भारतीयांचं नातं आधी आफ्रिकेत जुळलं. 1953 साली सुरू झालेल्या ईस्ट आफ्रिकन सफारीत केनियाचे जोगिंदर सिंग 1965, 1974 आणि 1976 अशी तीनदा जिंकले. पहिल्या विजयात व्होल्वोत शेजारी त्यांचा भाऊ जसवंत होता. युगांडात जन्मलेले गुजराती वंशाचे शेखर मेहता 1973 मध्ये आणि मग 1979 ते 1982 सलग चार वेळा जिंकले, त्या चारही वेळी माइक डाउटी बरोबर होता. मेहतांच्या पत्नी यव्हॉन यांनीही अनेक रॅलींत त्यांच्यासाठी वही धरली. ही सीट बायकांना परकी नाही: 1981 ची सानरेमो रॅली मिशेल मुटों आणि फाब्रित्सिया पोन्स या जोडीनं जिंकली.

भारतात मुंबईच्या नझीर हुसेन यांनी 1980 मध्ये हिमालयन रॅली सुरू केली. आजच्या राष्ट्रीय मालिकेच्या फेऱ्या कोइमतूरजवळ पवनचक्क्यांखालच्या वाटांवर, चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत झाल्या आहेत. नाशिकची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' याच मालिकेतली. गौरव गिल या चालकाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदांत केरळातल्या कासरगोडच्या मूसा शरीफ यांचं नाव शेजारी आहे. आपल्याकडे मोठी अडचण रस्ता खरोखर बंद ठेवण्याची. 2019 मध्ये जोधपूरजवळच्या राष्ट्रीय रॅलीत मार्गावर आलेल्या मोटारसायकलला गाडी धडकून तिघांचा जीव गेला. वहीत प्रत्येक दगडाची नोंद असते, आडवाटेनं येणाऱ्या माणसाची नसते.

नवख्यानं सुरुवात वेगाच्या रॅलीनं करू नये. आधी वेळ-वेग-अंतर या प्रकारात, म्हणजे टीएसडीत, बसावं. मुंबईत महिलांसाठी भरणारी 'रॅली टू द व्हॅली' याच घराण्यातली. तिथे ठरवून दिलेला सरासरी वेग पाळायचा असतो. ताशी 36 किलोमीटर म्हणजे 10 सेकंदांना 100 मीटर, हे पाढ्यासारखं तोंडात बसतं, आणि रोडबुक (मार्गाची पुस्तिका), ट्रिपमीटर (अंतरमापक), घड्याळ या तिन्हींवर एकदम लक्ष ठेवायची सवय लागते. त्यानंतर मोटारस्पर्धांच्या राष्ट्रीय महासंघाचा परवाना, आणि मग वही.

ही शिस्त पुढे कुठवर नेते, याचे दाखलेही आहेत. 1981 मध्ये आरी वाटानेनबरोबर जगज्जेता ठरलेला सहचालक डेव्हिड रिचर्ड्स यानं पुढे प्रोड्राइव्ह ही संस्था उभी केली. 2001 मध्ये रिचर्ड बर्न्सबरोबर विजेता ठरलेला रॉबर्ट रीड जागतिक महासंघाचा उपाध्यक्ष झाला. फेरारीच्या फॉर्म्युला वन संघाची सूत्रं सांभाळून 2009 ते 2021 त्या महासंघाचा अध्यक्ष राहिलेला जाँ तॉदही मूळचा वहीवालाच. खेळ चालवायची वेळ आली तेव्हा तो चालवायला बरेचदा हीच माणसं सापडली, यात नवल नाही. चालकाची रॅली इंजिन बंद झालं की संपते. सहचालक मात्र त्यानंतर निकालाच्या फळ्यापाशी उभा राहून प्रत्येक स्टेजची वेळ आपल्या वहीशी ताडून पाहतो, आणि आक्षेपाची मुदत टळून निकाल पक्का झाल्यावरच पेन्सिल खिशात ठेवतो.