पंधराव्या वर्षी सुरू होणारी शर्यत

फॉर्म्युला फोर नावाच्या मोटार शर्यतीत उतरायला किमान वय 15 लागतं. मी या मार्चमध्ये 15 वर्षांचा झालो. मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेल्यावर मी पहिलं काम केलं ते बाबांचा फोन मागून घ्यायचं, आणि जपानची फॉर्म्युला फोर पाहायला बसलो. शाळेत आमच्याकडे फोन नसतो, हे पालकांना सांगायला नकोच.

माझं घर वाराणसीला, ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत आहे. या भागात जुनी मराठी घरं बरीच आहेत. दाराबाहेर हिंदी-भोजपुरी आणि दाराच्या आत मराठी, अशी आमची पद्धत. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे चालतं. तिकडे सकाळी आठला शर्यत लागली की काशीत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. पीटीच्या सवयीमुळे मला जाग आपोआप येते, बिगुल लागत नाही. आजी त्याच सुमारास पंचगंगा घाटावर स्नानाला निघते. नातू एवढ्या पहाटे उठून अभ्यास करतोय असं तिला वाटलं, आणि पहिल्या दिवशी मी ते तसंच वाटू दिलं. दुसऱ्या दिवशी तिने फोनमध्ये डोकावून विचारलं, "अरे, या सगळ्या गाड्या एकसारख्याच कशा?"

आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता. या लेखात तोच समजावून सांगायचा प्रयत्न करतो.

टीव्हीवर दिसणारी फॉर्म्युला वन आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. एकाच माणसाची बसायची जागा, चाकं उघडी, पुढे-मागे पंख. तिथे प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बनवतो. त्यामुळे जिंकला तो ड्रायव्हर चांगला की गाडी चांगली, यावर हॉस्टेलमध्ये दिवे बंद झाल्यावरही भांडणं चालतात. खालच्या पायरीवर हे भांडण मिटवलेलं आहे. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयएने 2014 साली फॉर्म्युला फोर सुरू केली. सुरुवात इटलीत झाली, 2015 मध्ये जपान आलं. नियम असा की एका देशातल्या मालिकेत सगळ्यांना एकच गाडी, एकच इंजिन, एकच टायर. जपानमध्ये पहिली काही वर्षं डोम कंपनीची एफ110 ही गाडी होती. तिचं दोन लिटरचं इंजिन टोयोटाचं, टॉम्स या संस्थेने तयार केलेलं, ताकद सुमारे 160 अश्वशक्ती. इंजिनाला सील असतं, उघडायचं नाही.

माझे बाबा बनारसच्या रेल्वे इंजिन कारखान्यात काम करतात. त्याला आता बरेका म्हणतात, पूर्वी डीरेका म्हणायचे. बाबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मशीनवर ढकलायची सोयच ठेवली नाही!" त्यांना हा नियम फार आवडला. मला तेव्हा तो तेवढासा आवडला नाही.

गाड्या एकसारख्या, मग एक पुढे आणि एक मागे का? याची दोन कारणं मला सांगता येतील असं वाटतं.

पहिलं कारण वळण. आमच्या गल्लीत घरांच्या भिंती इतक्या जवळ आहेत की वळणापलीकडचं काही दिसत नाही. तिथून स्कूटर चालवणारे काका काय करतात? वळण येण्याआधीच वेग कमी करतात, बाहेरच्या भिंतीला चिकटून जातात, कोपरा पूर्ण दिसला की मग हँडल वळवतात आणि सरळ झाल्याबरोबर वेग घेतात. नवखा माणूस लवकर वळतो. मग वळणाच्या शेवटी तो समोरच्या भिंतीकडे ओढला जातो आणि ऐन वेग घ्यायच्या वेळी त्याला ब्रेक दाबावा लागतो. पलीकडे बैल उभा असला तर दोनदा. शर्यतीतलं गणित हेच आहे. वळणात किती जोरात शिरलात यापेक्षा वळणातून बाहेर पडताना किती लवकर पूर्ण वेग देऊ शकलात हे महत्त्वाचं, कारण तो वेग पुढच्या संपूर्ण सरळ रस्त्यावर तुमच्याबरोबर राहतो. 160 अश्वशक्तीच्या गाडीत एकदा घालवलेला वेग परत मिळवायला फार वेळ जातो.

दुसरं कारण हवा. क्रॉस कंट्रीत वारा समोरून असला की आपण धावताना पुढच्याच्या पाठीमागे लपतो, तसंच. फुजीच्या ट्रॅकवर जवळजवळ दीड किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. तिथे पुढची गाडी हवा फाडते आणि मागचीला कमी हवा कापावी लागते, म्हणून मागची जास्त वेगाने पळते. मग वाटेल की मागे राहणंच बरं! पण वळणात हीच गोष्ट उलटते. गाडीचे पंख हवेच्या दाबाने टायर रस्त्यावर दाबून धरतात. मागच्या गाडीला हवा कमी, म्हणून पकडही कमी, आणि ती घसरते. सरळ रस्त्यावर मिळवलेलं वळणात जातं. कुठे मागे राहायचं आणि कुठे बाहेर पडायचं हे ठरवायला डोक्यात सेकंदाचाही वेळ नसतो.

आता मला ज्या हंगामाबद्दल लिहायचं आहे तो 2018 चा. त्याच्या जुन्या शर्यती मी सुट्टीत एकामागून एक पाहिल्या. जपानची फॉर्म्युला फोर ही सुपर जीटी नावाच्या मोठ्या मालिकेबरोबर गावोगाव फिरते. ओकायामा, फुजी, सुझुका, सुगो, ऑटोपोलिस, मोतेगी. एप्रिलमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये संपते. पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15, असं करत दहाव्याला एक. त्या वर्षी एकूण 14 शर्यती झाल्या. त्यातल्या सात युकी त्सुनोदाने जिंकल्या आणि तो विजेता झाला. दुसरा आला तेप्पेई नातोरी. दोघेही होंडाच्या प्रशिक्षण योजनेतली मुलं होती, आणि चालवत होते टोयोटाचं इंजिन. यावर मी एकटाच बराच वेळ हसलो.

पण त्सुनोदा या हंगामापर्यंत पोहोचला कसा, ते मला हंगामापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. तो 2000 साली जन्मला आणि चौथ्या वर्षापासून कार्टिंग करत होता. 2016 मध्ये तो सुझुकाच्या रेसिंग स्कूलमध्ये शिकायला गेला. तिथे वर्षाअखेर निवड होते. वरच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे पुढच्या हंगामाचा खर्च सुटतो. त्या यादीत त्याचं नाव आलं नाही. त्या वेळी शाळेचे प्रमुख सातोरू नाकाजिमा होते. फॉर्म्युला वनचा पूर्ण हंगाम चालवणारे ते पहिले जपानी, 1987 साली. त्यांनी यादीबाहेरच्या या मुलासाठी होंडाकडे शब्द टाकला, आणि होंडाने त्याला फॉर्म्युला फोरची जागा दिली. 2017 मध्ये तो तिसरा आला, 2018 मध्ये पहिला.

हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलो. यंदा एका शिबिराच्या निवड यादीत माझं नाव नव्हतं. यादी फलकावर लागली तेव्हा मी ती तीनदा वाचली, जणू तिसऱ्या वेळी नाव उगवेल. माझ्यासाठी कोणी शब्द टाकला नाही. टाकायला हवा होता असंही नाही, कारण मी त्या दिवशी खरंच चुका केल्या होत्या. पण नाकाजिमांना त्या मुलात नेमकं काय दिसलं असेल, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. जे गुणपत्रिकेत आलं नव्हतं असं काहीतरी त्यांनी ट्रॅकच्या कडेला उभं राहून पाहिलं असणार. इन्स्ट्रक्टर मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी मला सांगावं, परेड ग्राउंडच्या कडेला उभं राहून ते काय पाहतात.

पुढची गोष्ट आपल्या मुंबईपर्यंत येते. 2019 मध्ये त्सुनोदा आणि नातोरी दोघेही युरोपात फॉर्म्युला थ्रीमध्ये गेले. नातोरी जपानला परतला आणि 2021 मध्ये सुपर फॉर्म्युला लाइट्स जिंकला. जुनी जपानी फॉर्म्युला थ्री 2020 पासून याच नावाने चालते. त्सुनोदा 2020 मध्ये फॉर्म्युला टूला चढला, कार्लिन संघात. त्या संघाच्या दुसऱ्या गाडीत कोण होतं? मुंबईचा जेहान दारूवाला. 2011 मध्ये फोर्स इंडियाने देशभरातून तीन मुलं निवडली होती, त्यातला एक.

म्हणजे इथेही तेच. एकच संघ, एकच प्रकारची गाडी. डिसेंबर 2020 मध्ये बहारिनच्या साखीर ट्रॅकवर शेवटची फेरी होती. शनिवारची शर्यत त्सुनोदाने जिंकली आणि रविवारची जेहानने. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. ती शर्यत मी इतक्या वेळा पाहिली आहे की समालोचन पाठ झालंय. पण वर्षाचा हिशेब लागला तेव्हा त्सुनोदा 200 गुणांसह तिसरा होता, आणि जेहान 72 गुणांसह बारावा.

या फरकाचा अर्थ समजायला एक नियम माहीत हवा. फॉर्म्युला वनमध्ये जायला सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी वय किमान 18 आणि तीन वर्षांत 40 गुण. हे गुण शर्यतीतल्या गुणांपेक्षा वेगळे. फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला 12 मिळतात. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना थेट 40, दहाव्याला 3, त्याच्या खाली शून्य. त्सुनोदाला एका हंगामात 40 मिळाले आणि 2021 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला. जेहान पुढची दोन वर्षं फॉर्म्युला टूमध्ये लढला, दोन्ही वेळा सातवा आला, 2022 मध्ये त्याने मॅकलारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणीही घेतली. शर्यतीची जागा मात्र मिळाली नाही. त्याला कोणी हरलेला म्हटलं की मला राग येतो. 2022 मध्ये मोंझाची मोठी शर्यत त्याने जिंकली आहे, म्हणणाऱ्याने ती आधी पाहावी.

जपानचा आपल्या उत्तर प्रदेशाशीही एक धागा आहे. 2006 सालचा जपानी फॉर्म्युला थ्रीचा विजेता होता जर्मनीचा एड्रियन सुटिल. 2011 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारताची पहिली ग्राँ प्री झाली, तेव्हा तो फोर्स इंडियाची गाडी चालवत होता आणि नववा आला. तीन वर्षांनी ती शर्यत बंद पडली. 5.125 किलोमीटरचा ट्रॅक आहे तिथेच आहे.

भारताची स्वतःची फॉर्म्युला फोर 2023 मध्ये सुरू झाली. चेन्नईत रस्ते बंद करून रात्रीची शर्यत घ्यायची होती, ती मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे गेली आणि शेवटी 2024 च्या ऑगस्टअखेर आयलंड ग्राउंडभोवती दिव्यांच्या उजेडात झाली. पहिले दोन विजेते ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर आणि दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई. आपल्या देशाच्या मालिकेत आपलं नाव पहिलं यायला अजून वेळ आहे असं दिसतं. महाराष्ट्रात पाहिलं तर कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मी बाबांना खर्चाचं विचारलं. त्यांनी ओरडायच्याऐवजी कागद-पेन घेतलं. कार्ट, टायर, प्रवास, परवाना, मेकॅनिक. मग एका हंगामाचा आकडा काढून त्याच्याखाली स्वतःचा पगार लिहिला. भागाकार मलाच करायला लावला. उत्तर इथे छापत नाही. मग ते म्हणाले, "तो चौथ्या वर्षी सुरू झाला. तू पंधरावं संपवतोयस. हे खोटं बोलून चालणार नाही." आजी मध्ये बोलली, "पण एकदा बसून तरी बघू दे की त्याला." बाबा काही बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात ठेवला.

आमच्या हाऊसमध्ये कोल्हापूरचा एक कॅडेट आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे चार दिवस जायची परवानगी मला घरून मिळाली आहे. नवख्यांना ट्रॅकवर कधी घेतात आणि किती पैसे लागतात ते तो विचारून ठेवणार आहे. पैसे आजी देणार आहे. फेरीला किती सेकंद लागले ते मी पुढच्या अंकात लिहीन, ते पाहून माझ्या हाऊसचे लोक हसले तरीही.